पिन बरोबर होता

औषधांच्या दुकानातलं कार्डाचं यंत्र दोनदा चिरकलं आणि दुकानदाराने ते तिच्याकडे वळवलं. "शिल्लक नाही म्हणतंय," तो म्हणाला. तिच्यामागे माणसं उभी होती म्हणून जरा हळूच म्हणाला. "पुन्हा टाकून बघा." तिने पुन्हा पिन टाकला. तिला तो अंकांनी कधी पाठ नव्हताच, बोटाला पाठ होता. वर, मग तिरकं खाली, मग शेजारी, मग तळाशी. पोहताना हात पाण्यात कुठे शिरायचा हे जसं सांगावं लागत नाही, तसं बोट आपलं आपण जायचं. यंत्र पुन्हा चिरकलं. मागच्या माणसाने घसा खाकरला, आणि आपण काहीतरी चोरून नेताना सापडलो आहोत असं तिला उगाचच वाटलं. पर्समधल्या सुट्ट्या पैशांत सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची एकच पट्टी आली. ती घेऊन ती बाहेर पडली. ऊन होतं. केस अजून ओले होते, मानेवर तलावाच्या पाण्याचा तो औषधी वास होता, जो तिच्या अंगाला कायमचा चिकटला होता. असेल यंत्राचीच चूक, असं म्हणत म्हणत ती चालत होती, आणि म्हणता म्हणता तिची पावलं घराकडे न वळता बँकेकडे वळली होती.

त्या खात्यात नवऱ्याचे पैसे होते. पोहण्याच्या तलावावर ती मुलांना शिकवायची आणि तो खाली पंपघरात मिस्त्री होता. वर ती पाण्यात, खाली तो पाण्याच्या आवाजात. लग्नानंतरही कितीतरी वर्षं दोघं एकमेकांशी जरा मोठ्यानेच बोलत, कारण दोघांचेही कान कामाने अर्धे बंद झालेले. एका सकाळी पंप चालू राहिला आणि तो बसल्या जागी बंद पडला. हे वाक्य तिनेच केव्हातरी मनात तयार केलं होतं आणि त्याची तिला लाज वाटायची, पण दुसरं वाक्य सापडत नव्हतं. मागे राहिलेले पैसे आले ते या खात्यात. खातं दोघांच्या नावावर, पण त्यानेच उघडलेलं, पिन त्यानेच ठरवलेला, फोन नंबर त्याचाच दिलेला. ती आणि सासरे, एका माणसाच्या जाण्याने मागे उरलेली ती दोन माणसं. त्या पैशांना हात लावायचा नाही असं दोघांनी ठरवलं नव्हतं, बोललीही नव्हती, पण लावला नव्हता. एका घरात राहून माणसं जे काही न बोलता सांभाळतात, त्यातलंच ते एक. दुकानात कार्ड चालायचं ते याच खात्यात येणाऱ्या तिच्या पगारावर, वरच्यावर, आणि खाली तो ठेवा असायचा, पाण्याच्या तळाशी दिसत राहणाऱ्या फरशीसारखा.

बँकेतला माणूस तिच्याहून लहान होता आणि फार सभ्य होता. त्याने पडद्यावर बोट फिरवत सांगितलं की पैसे एटीएमच्या यंत्रातून काढले गेलेत, एकदम नाहीत, थोडे थोडे, रोजच्या मर्यादेत. "पण मी काढले नाहीत," ती म्हणाली. "कार्ड माझ्याकडेच आहे. हे बघा." त्याने तक्रार लिहून घेतली, पण कार्डाकडे बघितलंही नाही. "पिन बरोबर पडलाय बाई. प्रत्येक वेळी, पहिल्याच प्रयत्नात. चोराला पिन कसा कळणार? चोर चाचपडतो. हा माणूस चाचपडलेला नाही." मग आवाज जरा खाली आणून, एखाद्या दूरच्या नातलगाने सांगावं तसं, "घरात विचारा. आम्ही रोज बघतो ना. कुठे मुलगा असतो, कुठे भाचा, कुठे सून." "आमच्या घरातली सून मीच आहे," ती म्हणाली. तो हसला नाही. "पिन कोणाला सांगितला होतात का?" तिने एका दमात नाही म्हटलं. म्हटल्यावर तिला कळलं की नाही हा शब्द तोंडातून आधी गेला आणि आठवण मागून आली.

आठवण अशी. मागे एकदा ती तापाने फणफणली होती आणि घरात गोळी नव्हती. सासरे पलंगाशी येऊन उभे राहिले. "कार्ड दे आणि आकडा सांग," म्हणाले. तिला आकडा सांगता येईना. तिने डोळे मिटून पांघरुणावर बोट चालवलं आणि बोट जिथे जिथे थांबलं तिथला अंक म्हटला. त्यांनी ते अंक आपल्या तळव्यावर बोटाने काढून बघितले. ते आयुष्यभर पाट्या रंगवणारे. गावातल्या अर्ध्या दुकानांची नावं त्यांच्या हातची. "दुसरा आकडा दिसायला बेंगरूळ आहे," ते म्हणाले, "पण चालवून घेऊ." परत आले तेव्हा गोळ्या, पावती, कार्ड सगळं उशाशी ठेवलं आणि म्हणाले, "आकडा विसरलो हं मी. दाराबाहेर पडल्या पडल्या विसरलो. दुसऱ्याची किल्ली खिशात ठेवू नये." तापातही तिला हसू आलं होतं. आता रस्त्याने घरी येताना तिला ते वाक्य आठवलं, पूर्ण आठवलं, आणि तरी त्याच्या मागोमाग बँकेतल्या माणसाचं वाक्य आलं आणि त्याच्या शेजारी बसलं. दोन्ही वाक्यं तिच्याबरोबर घरापर्यंत आली.

सासरे जेवणाच्या टेबलाशी पेपर वाचत होते. म्हणजे वाचत नव्हते, मथळ्यांची अक्षरं बघत होते. "आलीस मासोळी?" त्यांनी वर न बघता विचारलं. हे नाव त्यांनीच पाडलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षात. बाकी कोणी हाक मारत नसे, आता तर मारणारं कोणी उरलंच नव्हतं. तिने कपाटातून नवऱ्याचा फोन काढला. बँकेने सांगितलं होतं, प्रत्येक वेळी संदेश पाठवलाय, तुम्ही वाचला नाही तर आम्ही काय करणार. तो नंबर बंद करायला ती एकदा गेली होती आणि खिडकीपाशी पोचून परत आली होती. तेव्हापासून ती त्याचं बिल भरत होती आणि फोन कपाटात मेलेला पडून होता. तिने तो टेबलावर ठेवून वायर लावली. बराच वेळ काही झालं नाही. मग पडदा उजळला, त्याची ती सुरुवातीची धून वाजली आणि फोन थरथरू लागला. एक संदेश, मग दुसरा, मग एकावर एक. लाकडावर घरघर करत फोन टेबलाच्या कडेकडे सरकत चालला. सासरे अर्धवट उठले होते. पेपर खाली पडला होता. "त्याचा फोन," ते म्हणाले. "अगं, त्याचा फोन वाजतोय." त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते तिने बघितलं आणि मान खाली घातली. बघायला नको होतं. कोणाचंही इतकं उघडं तोंड बघू नये.

तिने संदेश वाचून दाखवले. काढले, काढले, पुन्हा काढले. तारखा सकाळच्या, ती तलावावर असते त्या वेळच्या. त्या वेळी सासरे फिरायला जात, पाट्या बघत, कुठल्या पाटीचा रंग उडाला, कोणी जुनी काढून प्लास्टिकची लावली, याचा हिशेब ठेवत. हे तिच्या मनात आलं आणि ते आलेलं त्यांना दिसलं. "बाबा," ती म्हणाली. नवऱ्यासारखीच ती त्यांना बाबा म्हणायची. "बाबा, तुम्ही काढलेत का? मी रागावणार नाही." हा आवाज तिला ओळखीचा होता. पाण्यात कोणी घाण केली की ती मुलांना रांगेत उभं करून याच आवाजात विचारायची, खरं सांग, मी रागावणार नाही. आणि ज्याने केलं नसेल असं एखादं मूलही त्या आवाजाने रडवेलं व्हायचं. सासऱ्यांनी फोनकडे बघितलं. तो आता शांत झाला होता. त्यांनी आपला उजवा तळवा वळवून बघितला, जणू तिथे काही लिहिलेलं असेल. "आकडा मला माहीत होता ना?" त्यांनी विचारलं. "हो." "आणखी कोणाला?" "कोणालाच नाही, बाबा." त्यांनी तळवा मिटला. मग म्हणाले, "मग मीच असेन."

असेन, असं म्हणाले होते. होतो, असं नव्हतं म्हटलं. पुढे कितीतरी वेळा तिने हा शब्द मनात उलटापालटा केला. पण त्या दुपारी तिला तो ऐकूच आला नाही. ऐकू आली ती एक सुटका. चोर परका नव्हता, रात्री-अपरात्री दाराशी येणारा नव्हता. घरातलंच म्हातारपण होतं आणि म्हातारपणावर रागावता येत नाही. "कुठे ठेवलेत?" तिने हळू आवाजात विचारलं. "आठवत नाही गं. बघू या." आणि ती दोघं शोधायला लागली. गादीखाली, पुस्तकांमागे, त्यांच्या रंगाच्या जुन्या डब्यांत. त्यांनी ब्रशांची पेटी स्वतः उघडून टेबलावर रिकामी केली. बारीक ब्रश, जाड ब्रश, कडक झालेले केस. प्रत्येक ब्रश उचलून त्यांनी त्याच्या खाली बघितलं. ब्रशाखाली पैसे कसे असतील, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. संध्याकाळपर्यंत घर उपसून झालं. "कोणाला देऊन टाकले की काय मी?" ते म्हणाले. हा प्रश्न त्यांनी तिला विचारला नव्हता, त्या पेटीला विचारला होता.

तिने बँकेत जाऊन तक्रार मागे घेतली. "घरातच निघालं," एवढंच ती म्हणाली. बँकेतल्या माणसाने समजूतदारपणे मान हलवली. "म्हटलं नव्हतं? आणि पिन सांगितलात ना, मग जबाबदारी तुमचीच होते. पण जाऊ द्या, म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं." त्याच्या या चांगुलपणाचे तिने आभार मानले. मग तिने घरात जे केलं तेही सगळं चांगुलपणानेच केलं. सकाळी निघताना ती शेगडीचं बटण काढून पर्समध्ये टाकू लागली. दाराला बाहेरून कडी घालू लागली, "वाट चुकलात तर मी कुठे शोधू?" म्हणत. आणि खणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. चमचे. औषधं. बाबांचे सदरे. तिचं अक्षर पहिल्यापासून कोंबडीच्या पायांचं. एरवी त्यांनी चिठ्ठीसमोर उभं राहून म्हटलं असतं, काना उभा असतो मासोळी, दमून भिंतीला टेकत नाही. ते चिठ्ठ्यांसमोर उभे राहत, वाचत, मग खण उघडत. वाचल्याशिवाय उघडत नसत. तिला वाटलं, बरं झालं चिठ्ठ्या लावल्या.

आणि ते खरंच विसरू लागले. आधी विसरत होते ते सगळेच विसरतात तसं, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणं वगैरे. आता एखादा शब्द ओठावर आला की ते थांबून तिच्याकडे बघत, हा बरोबर आहे ना, असं. परीक्षेत नापास झालेला मुलगा पुढच्या वेळी येत असलेली उत्तरंही घालवतो तसं. फिरणं बंद झाल्यावर पाट्या बंद झाल्या. पाट्या बंद झाल्यावर संध्याकाळचं बोलणं आटलं. मासोळी म्हणणं केव्हा थांबलं ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. पंप बंद झाल्यावर आवाज थांबलाय हे जसं थोड्या वेळाने कळतं, तसं कळलं. एकदा तिने विचारलं, "माझं नाव काय?" गमतीने विचारलं असं तिला वाटत होतं. त्यांनी तिचं लग्नातलं, कागदावरचं नाव सांगितलं, अगदी बरोबर, आणि बरोबर आलं म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा पसरला तो बघून ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

तलावावर तिकीट खिडकीत बसणारी बाई मोठ्या तोंडाची. तिचं दुःख असलं तरी आधी गावाला कळायचं, मग तिला. एका दुपारी ती खिडकीतूनच ओरडली, "लुटलं गं मला! खातं धुऊन नेलं!" शिकवणीच्या मुलांना पाण्याबाहेर काढून ही खिडकीशी गेली. "आणि वर तो बँकेतला मला म्हणतो, पिन बरोबर पडलाय, घरात विचारा. घरात! घरात मी आणि मांजर. म्हटलं, बाबा रे, मांजराने काढले असतील तर सांग, दूध बंद करते त्याचं." खिडकीबाई बोलत होती, आणि तलावातलं पाणी एकदम फार निळं, फार स्थिर दिसायला लागलं होतं. "पहिल्याच प्रयत्नात?" तिने विचारलं. "काय?" "पिन. पहिल्याच प्रयत्नात बरोबर पडला, असं म्हणाला का?" "अगदी असंच म्हणाला. तुला कसं माहीत?" ती भिंतीला धरून खाली बसली. ओल्या फरशीचा गारवा अंगात चढत गेला. तलावाच्या फाटकाशी पैशांचं यंत्र होतं. पगार झाला की त्या दोघी तिथूनच पैसे काढायच्या. तिथे रांगेत उभ्या राहून खिडकीबाईचं गाऱ्हाणं ऐकत तिने कितीदा तरी बोट चालवलं होतं. वर, तिरकं खाली, शेजारी, तळाशी.

खिडकीबाई गप्प बसणारी नव्हती. तिने तक्रार बँकेच्या वरच्या कार्यालयात नेली, ग्राहकांच्या मंचाकडे नेली, आणि हिलाही बरोबर ओढून नेलं. मंचावरच्या बाई वयस्कर, दमलेल्या, पण स्पष्ट होत्या. "पिन बरोबर पडला म्हणजे तो तुम्ही दिला, असं होत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा निष्काळजीपणा होता हे बँकेने दाखवायचं असतं. तुम्ही कशाला आपल्याच माणसाला पकडून आणलंत?" मग चक्रं फिरली. फाटकाजवळच्या यंत्रावर कोणीतरी कार्ड घालायच्या फटीवर दुसरी बनावट फट बसवली होती, कार्डाची नक्कल उतरवून घेणारी. वर, बटणांकडे रोखलेला, मसुराच्या दाण्याएवढा एक कॅमेरा. नकली कार्डं बनली, पिन कॅमेऱ्याने सांगितले. तलावावर येणारे बरेच जण त्यात सापडले होते. कितीतरी जण आपल्या मुलांवर, भावांवर चिडून, लाजून गप्प बसले होते, हेही कळलं.

बँकेतला तोच माणूस तिला आत बसायला खुर्ची देत होता. पैसे जमा होतील, म्हणाला. झाल्या गैरसोयीबद्दल वगैरे म्हणाला. पोलिसांसाठी म्हणून त्याने यंत्रातल्या चित्रणाचा एक छापील फोटो पुढे केला. "ओळखता का?" फोटोत एक माणूस होता. तरुण असावा. टोपी पुढे ओढलेली, तोंड अर्धं झाकलेलं, खांदे रुंद, बटणांवर टेकलेलं बोट. ती बराच वेळ बघत राहिली. या माणसाने तिच्या बोटाचा रस्ता पाठ केला होता. "नाही ओळखत," ती म्हणाली. आणि मग, "तुम्ही माझ्या घरी याल का? दोन मिनिटं." "कशाला?" "माझ्या सासऱ्यांना सांगायला. की त्यांनी काढले नाहीत." तो गोंधळला. वरिष्ठांकडे बघितलं. "तसं आम्ही घरी जाऊन... तुम्हीच सांगा ना. आता काय, सगळं मिटलंच." तिने फोटो मागून घेतला.

घरी येताना ती जवळजवळ पळत होती. वाक्यं जुळवत होती, मोडत होती. चुकलं माझं, बाबा. तुम्ही म्हणाला होतात, दुसऱ्याची किल्ली खिशात ठेवू नये. मला आठवत होतं, तरी मी. दाराची कडी काढताना तिचा हात थबकला, आणि मग तिने ती कडी अशी जोरात ओढली की अंगठा सोलवटला. सासरे टेबलाशी बसले होते. समोर पेपर नव्हता. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली, आणि सगळं सांगितलं, मोठ्याने, सावकाश, पुन्हा पुन्हा. यंत्र, बनावट फट, कॅमेरा, चोर. पैसे परत येणार. "तुम्ही नव्हतात बाबा. तुम्ही कधीच नव्हतात. मी तुमच्यावर आळ घेतला." ते ऐकत होते. तिचं रडणं बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. तिने फोटो काढून त्यांच्या हातात दिला. "हा बघा. हा होता तो."

त्यांनी फोटो उजेडाकडे धरला. चष्मा नीट केला. पाटीवरचं अक्षर न्याहाळावं तसं लांब धरून, जवळ आणून बघितलं. त्यांचे डोळे त्या टोपीवरून, त्या खांद्यांवरून, त्या बोटावरून सावकाश फिरले आणि बोटावर थांबले. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"हो," ते म्हणाले. "असाच उभा होतो मी."

"बाबा, नाही. हा दुसरा माणूस आहे. तरुण आहे हा, बघा तरी."

"टोपी कोणाची घातली होती कोण जाणे," ते म्हणाले. "ऊन होतं तेव्हा. माझ्यामागे एक बाई उभी होती, ती घाई करत होती. मला आकडा आठवला, तुझा तो बेंगरूळ आकडा. मला फार बरं वाटलं बघ, आठवला म्हणून." ते हे सगळं समजावून सांगत होते, एकेक गोष्ट जागच्या जागी ठेवत, इतक्या दिवसांत ते असं सलग बोलले नव्हते. तिने त्यांचे गुडघे धरले. नाही, नाही, म्हणत राहिली. त्यांनी फोटो टेबलावर उपडा ठेवला, हात पुढे करून तिच्या ओल्या केसांवरून एकदा फिरवला, आणि मग आपण हे करायला नको होतं असं वाटून तो मागे घेतला.

"रडू नकोस," ते म्हणाले. "पुन्हा नाही करणार मी."